टीमची जबाबदारी नवी आहे आणि भीती वाटते? टप्प्याटप्प्याने काय करायचं

काम चांगलं येतं म्हणून बढती मिळते. बढतीनंतर मात्र वेगळंच काहीतरी करावं लागतं. चुकतंय ते समोरासमोर सांगायचं, अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यायचा, आपल्या हातचं काम दुसऱ्याकडे द्यायचं, वरिष्ठांना ‘एवढ्या दिवसांत होणार नाही’ म्हणायचं. यातल्या एकाही गोष्टीचा आधी सराव झालेला नसतो, त्यामुळे पोटात गोळा येणं साहजिक आहे. गोळा आला म्हणून काही बिघडत नाही. त्या गोळ्यापायी आपण जे टाळतो, त्याने बिघडतं, आणि ते टाळलेलं बहुधा आपल्याला स्वतःला दिसत नाही. म्हणून सुरुवात तिथून करायची.

यासाठी एक वही, रोजची दहा मिनिटं आणि साधारण आठ आठवडे लागतील. वही कागदाची असलेली बरी. फोनवर लिहायला घेतलं की तिसऱ्या मिनिटाला आपण मेसेज वाचत बसतो.

पहिला आठवडा: टाळाटाळ पकडा

टीम सांभाळणाऱ्याची भीती थरथरत्या हातांतून क्वचितच दिसते. ती चांगल्या गुणांचे कपडे घालून येते. ‘आकडे अजून एकदा तपासू’ हा काटेकोरपणा वाटतो. ‘समजावून सांगण्यापेक्षा मीच करून टाकतो’ ही कामसूवृत्ती वाटते. ‘सगळ्यांचं मत घेऊ’ हा मोकळेपणा वाटतो. कधी कधी ते खरंच तसं असतंही. पण तिसऱ्यांदा तपासलेल्या आकड्यांत काहीच नवं सापडलं नसेल, तर तिथे तपासणी चाललेली नसते, निर्णय पुढे ढकलणं चाललेलं असतं.

सर्वांत ओळखीचा प्रकार म्हणजे एकाची चूक सगळ्यांना सांगणं. एक जण रोज उशिरा येतो, आणि टीम लीड ग्रुपवर टाकतो, ‘सर्वांनी वेळ पाळावी ही विनंती.’ ज्याच्यासाठी लिहिलंय त्याला वाटतं, हे दुसऱ्या कोणाला उद्देशून असेल. जे वेळेवर येतात ते दुखावतात. उशीर होता तिथेच राहतो.

टाळाटाळ चिकटून बसते ती सुटकेच्या भावनेमुळे. अवघड फोन उद्यावर ढकलला की त्या क्षणी खूप हलकं वाटतं, आणि मेंदू शिकतो की हलकं वाटायला फोन टाळावा लागतो. फोन केला असता तर काय झालं असतं हे कधी कळतच नाही, म्हणून भीतीही कधी खोटी ठरत नाही. मानसशास्त्रज्ञ ओ. हॉबर्ट मौरर यांनी 1947 मध्ये हे चक्र मांडलं. भीतीवरच्या आजच्या उपचारांतही ते गृहीत धरलेलं असतं.

म्हणून पहिला आठवडा फक्त नोंदी करायच्या. वहीत तीन रकाने आखा: काय टाळलं, त्याऐवजी काय केलं, टाळल्यावर किती बरं वाटलं (0 ते 10). नोंद अशी दिसेल: ‘अर्धवट आलेला रिपोर्ट परत पाठवायचा होता. स्वतःच रात्री बसून पूर्ण केला. 8.’ तिसरा रकाना सोडू नका. जिथे 7 च्या वर आकडा येतो, तिथे भीती मुरलेली असते. काम नुसतं कंटाळवाणं असेल तर ते टाळूनही एवढी सुटका वाटत नाही.

या आठवड्यात स्वतःला बदलायला जाऊ नका. आणि नोंद त्याच दिवशी करा. शनिवारी बसून आठवडाभराचं लिहिलं तर प्रत्येक टाळाटाळीला तोवर एक सभ्य कारण मिळालेलं असतं.

भीतीचं एक पूर्ण वाक्य करा

‘मला फीडबॅक द्यायची भीती वाटते’ एवढ्यावर काही करता येत नाही. वाक्य असं हवं: ‘मी अमुक केलं तर तमुक होईल, आणि मग माझं असं होईल.’ रिपोर्टचंच घेऊ. ‘मी रिपोर्ट परत पाठवला तर तिला वाईट वाटेल.’ मग काय होईल? ‘ती इतरांना सांगेल.’ मग? ‘सगळे म्हणतील, पद मिळालं आणि डोक्यात हवा गेली.’ आता खरी भीती सापडली. रिपोर्टशी तिचा फारसा संबंध नाही. तीन-चार वेळा ‘मग काय होईल?’ विचारलं की बहुतेक वाक्यं चारांपैकी एका जागी येऊन थांबतात: लोकांच्या मनातून उतरू, आपलं अज्ञान उघडं पडेल, निर्णय चुकेल, कामावरचा ताबा सुटेल.

आपलं कोणतं, ते ओळखणं महत्त्वाचं. प्रत्येकासाठी सराव वेगळा लागतो. लोकांच्या नाराजीला घाबरणाऱ्याने निर्णयप्रक्रियेवरचे कितीही कोर्स केले तरी उपयोग होत नाही. नुसतं शब्दांत मांडण्याचाही थोडा फायदा असतोच. भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या, भीतीशी संबंधित अमिग्डला या भागाची हालचाल कमी होते, असं 2007 मधल्या मेंदूच्या स्कॅनवर आधारलेल्या संशोधनात दिसलं होतं.

अज्ञान उघडं पडण्याच्या भीतीबद्दल थोडं जास्त. 1978 मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी तिचं वर्णन केलं. कर्तबगार स्त्रियांना आपलं यश खरं नाही, कधीतरी आपण पकडल्या जाऊ, असं वाटत राहतं, हे त्यांना दिसलं होतं. पुढे पुरुषांतही ते आढळलं. या भीतीची गंमत अशी की यशाने ती कमी होत नाही. प्रत्येक यश नशिबाच्या किंवा जास्त राबण्याच्या खात्यावर जमा होतं. तेव्हा ‘आणखी थोडा अनुभव आला की जाईल’ म्हणून वाट पाहू नका.

शिडी बांधा

आता निवडलेल्या एका भीतीसाठी आठ-दहा प्रसंगांची शिडी करायची. प्रत्येक प्रसंगाला 0 ते 100 गुण द्या. 0 म्हणजे काहीच नाही, 100 म्हणजे कल्पनाही सहन होत नाही. ही मोजपट्टी जोसेफ वोल्पे या मनोविकारतज्ज्ञांची. भीतीवरच्या उपचारात ती अजून वापरतात. ‘लोकांच्या मनातून उतरू’ या भीतीची शिडी साधारण अशी होईल:

– मीटिंगमध्ये लांबलेली चर्चा थांबवून पुढचा मुद्दा घेणं: 25
– डेडलाइन चुकली त्याच दिवशी ‘काय अडलं?’ असं प्रत्यक्ष विचारणं: 35
– अर्धवट काम स्वतः दुरुस्त न करता परत देणं: 45
– कामाच्या अडचणीमुळे रजा पुढे ढकलायला सांगणं: 55
– सतत उशीर करणाऱ्याशी एकट्याने बोलणं: 60
– आपल्यापेक्षा अनुभवी सहकाऱ्याला त्याच्या कामातली चूक सांगणं: 75
– कालपर्यंत बरोबरीने काम केलेल्या मित्राला त्याचं मूल्यांकन कमी झाल्याचं सांगणं: 90

आकडे तुमचे असतील. एखाद्याला रजा नाकारणं सोपं जाईल आणि मीटिंग थांबवणं अवघड.

सुरुवात 30 ते 40 च्या पायरीवरून करा. त्याखालच्या गोष्टींनी सराव होत नाही, नुसतं समाधान मिळतं. थेट 80 वर उडी मारली आणि तोंडघशी पडलो, तर भीतीला पुरावा मिळतो आणि पुढचा महिनाभर वही उघडली जात नाही. उत्साही माणसं इथेच फसतात. आठवड्याला किमान दोन प्रसंग घ्या. प्रत्येक पायरी तीनदा तरी करा, शक्यतो वेगवेगळ्या माणसांबरोबर. एकाच मवाळ सहकाऱ्याला तीनदा काम परत दिलं, तर फक्त त्याच्यापुरती भीती जाते.

पुढची पायरी कधी घ्यायची? भीती शून्यावर येण्याची वाट पाहिली तर शिडी तिथेच राहील. ‘होईल ते निभावता येईल’ असं वाटू लागलं की पुढे जा. दोन पायऱ्यांत मोठी फट असेल तर मधली पायरी तयार करावी लागते. त्यासाठी माणूस, ऐकणाऱ्यांची संख्या, विषयाचं गांभीर्य किंवा जागा, यांपैकी एकच गोष्ट बदला. अनुभवी सहकाऱ्याला चूक सांगणं फारच जड जात असेल तर आधी त्याच्या कामाबद्दल एक खरा प्रश्न विचारा: ‘ही पद्धत का निवडली, ते समजावून सांगाल का?’ हा प्रसंग 60-65 च्या आसपास बसतो.

कुबड्या ओळखा

प्रसंग पार पडतो, भीती मात्र तसूभरही हलत नाही, असं झालं तर कुबड्या शोधा. बोलताना सारखं हसून सारवासारव करणं, सुरुवातीलाच दोन-तीनदा माफी मागणं, आधाराला आणखी कोणाला तरी खोलीत बसवणं, सगळं कागदावरून वाचणं, भराभर बोलून विषय संपवणं, या त्या कुबड्या. त्यांच्यामुळे वेळ निघून जाते, पण श्रेय त्यांना मिळतं. ‘ती सोबत होती म्हणून निभावलं’ असा हिशोब मनात होतो. पहिल्या एक-दोन पायऱ्यांवर कुबडी चालेल. पुढे एका वेळी एक सोडत जा, आणि कोणती सोडली ते वहीत लिहा.

आधी अंदाज, नंतर निकाल

सगळ्यांत जास्त उपयोग या पायरीचा होतो आणि सगळ्यांत आधी तीच गाळली जाते. प्रत्येक प्रसंगाआधी दोन ओळी लिहा: काय होईल असं वाटतं, आणि त्याची खात्री किती टक्के. अंदाज डोळ्यांना दिसेल असा हवा. ‘ती नाराज होईल’ हा अंदाज तपासता येत नाही, कारण घाबरलेल्या माणसाला कोणाच्याही चेहऱ्यावर नाराजी दिसते. ‘ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंही बोलणार नाही, 70 टक्के’ हा तपासता येतो. प्रसंगानंतर तासाभरात निकाल लिहा. उशीर केला की आठवण अंदाजाच्या बाजूला झुकते.

दहा-बारा नोंदी झाल्या की एकत्र वाचा. काही अंदाज साफ चुकलेले दिसतील. काही खरे ठरले असतील, पण परिणाम अर्ध्या दिवसात विरले असतील. थोडे पूर्ण खरे ठरतील, आणि त्यांच्याकडे पुढे वेगळं पाहायचं आहे. निकालाच्या ओळीत ‘या वेळी नशीब चांगलं होतं’ लिहावंसं वाटलं तर लिहा. तेच वाक्य सहाव्यांदा लिहिताना तुमचं तुम्हालाच हसू येईल.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. आपली घालमेल समोरच्याला आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच कमी दिसते. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये हा भ्रम प्रयोगांतून दाखवला. 2003 च्या पुढच्या प्रयोगात वक्त्यांना भाषणाआधी एवढंच सांगितलं की तुमची धडधड श्रोत्यांना फारशी कळत नाही. तेवढ्याने त्यांची भाषणं सुधारली.

शरीराचं काय

अॅड्रेनलिनमुळे छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, बोलण्याचा वेग वाढतो. हे थांबवता येत नाही, आटोक्यात ठेवता येतं. प्रसंगाच्या दहा मिनिटं आधी चार सेकंद श्वास घ्या, सहा सेकंद सोडा. मिनिटाला सहा श्वास होतात. तीन ते पाच मिनिटं पुरे. बोलणं सुरू झाल्यावर मात्र श्वास मोजत बसू नका, तीही कुबडी होते आणि समोरच्याचं ऐकू येत नाही. स्वतःला ‘शांत हो’ म्हणण्यापेक्षा ‘मला हुरूप आलाय’ म्हणणं जास्त कामाला येतं. अॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या 2014 च्या संशोधनात धडधडीला असा हुरूपाचा अर्थ देणाऱ्यांचं भाषण, गाणं आणि गणित, तिन्ही सुधारले. धडधडत्या छातीला शांत करण्यापेक्षा त्याच धडधडीला वेगळं नाव देणं सोपं असतं. पहिलं वाक्य तोंडपाठ ठेवा. दुसऱ्यापासून आपोआप सुचतं. आणि त्या दिवशी जास्तीची कॉफी नको.

अवघड बोलणं, वाक्यागणिक

शिडीवरच्या निम्म्या पायऱ्या अखेर कोणाशी तरी अवघड बोलण्याच्या असतात, म्हणून इथे जरा थांबू.

तयारी एका पानावर मावली पाहिजे: एकच मुद्दा, त्याची दोन ताजी उदाहरणं दिवसासकट, त्यामुळे झालेला परिणाम, आणि आपल्याला काय हवंय. चार मुद्दे साठवून एकदम बोलायला बसलात तर समोरचा सगळ्यांत कच्चा मुद्दा पकडून त्यावरच वाद घालेल, आणि त्याची चूकही नसेल. घटना घडल्यापासून दोन दिवसांत बोला. जागा बंद दाराची. वेळ 20 मिनिटं.

मुद्दा पहिल्या मिनिटात यायला हवा. उदाहरणार्थ: ‘गेल्या आठवड्यात मंगळवारचा आणि शुक्रवारचा, दोन्ही रिपोर्ट ठरलेल्या वेळेनंतर आले. त्यामुळे पुढच्या टीमला उशिरापर्यंत थांबावं लागलं. हे कशामुळे होतंय, ते मला समजून घ्यायचंय.’ यात ‘तू बेजबाबदार आहेस’ कुठे नाही, आणि ‘थोडंसं’, ‘जमलं तर’, ‘तसं विशेष काही नाही, पण’ हेही नाही. तयारीच्या पानावर हे शब्द शोधून खोडा. असे शब्द पेरले की समोरच्याला वाटतं, विषय किरकोळ आहे.

मग गप्प बसा. मनात दहापर्यंत आकडे मोजा. नवखा टीम लीड बहुतेक वेळा याच दहा सेकंदांत हरतो. शांतता सहन होत नाही, आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो: ‘म्हणजे लोड जास्त असेल, मला कल्पना आहे…’ समोरच्याला तयार सबब मिळाली. तो मान डोलावतो, आणि खरं कारण कधीच कळत नाही. ते काहीही असू शकतं. कदाचित रिपोर्टसाठी लागणारी माहितीच त्याच्यापर्यंत वेळेवर पोचत नसेल.

समोरची व्यक्ती रडली तर थांबा, पाणी द्या, पाच मिनिटं जाऊ द्या आणि विचारा, ‘आत्ता बोलायचं की उद्या अकराला?’ वेळ पुढे ढकलली तरी चालते, मुद्दा मागे घेऊ नका. चिडली तर आवाज तिच्याएवढा चढवू नका. स्वभावावरच्या वादात न पडता दोन उदाहरणांवर परत या. सगळं नाकारलं तर त्या दोन घटना तिच्या बाजूने कशा घडल्या, ते पूर्ण ऐकून घ्या. कधी कधी आपलीच माहिती अर्धवट निघते, आणि तसं असेल तर तिथल्या तिथे मान्य करा.

शेवटी पुढे काय करायचं ते समोरच्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं: काय, कधीपर्यंत, अडलं तर कधी कळवणार. त्याच दिवशी दोन ओळींची नोंद दोघांकडेही असू द्या.

दोन बारकावे. आधी कौतुक, मध्ये चूक, शेवटी पुन्हा कौतुक ही पद्धत सोपी वाटते खरी, पण ऐकणारा पहिलं आणि शेवटचं लक्षात ठेवतो आणि खुशीत बाहेर पडतो. कौतुक खरं असेल तर दुसऱ्या दिवशी, वेगळं करा. दुसरं, कालपर्यंत जिच्याशी अरे-तुरे होतं तिला आज अचानक ‘तुम्ही’ म्हणू नका. मुद्दा कडक असला तरी बोलण्याची तऱ्हा नेहमीचीच राहू द्या.

काम सोपवणं

ताबा सुटण्याची भीती असलेल्यांची शिडी इथून सुरू होते. आधी असं काम निवडा जे महिन्यातून एकदा तरी परत येतं आणि चुकलं तर दुरुस्त करता येतं. एकदाच होणारं, मोठ्या जोखमीचं काम सरावासाठी घेऊ नका.

सोपवताना पाच गोष्टी सांगायच्या: शेवटी हातात काय हवं, मर्यादा काय (खर्च, माणसं, नियम), तारीख, मध्ये कधी भेटायचं, आणि निर्णयाचा अधिकार किती. पाचवी बहुतेक वेळा राहून जाते. अधिकाराच्या चार पातळ्या पुरतात: ‘माहिती आणून दे, मी ठरवतो’, ‘पर्याय सुचव, मिळून ठरवू’, ‘तू ठरव, करण्याआधी सांग’, ‘करून टाक, मग सांग’. कोणती, ते मोठ्याने सांगा. तुमच्या मनात दुसरी आणि काम घेणाऱ्याच्या मनात चौथी असेल तर भांडण ठरलेलं.

काम साधारण पाचवा हिस्सा झाल्यावर एकदा पाहा, आणि दोन-तृतीयांश झाल्यावर एकदा. पहिली भेट लवकर, कारण दिशा चुकली असेल तर तेव्हा वळवणं स्वस्त पडतं. रोज संध्याकाळी ‘कुठवर आलं?’ विचारणं म्हणजे काम न सोपवणं. पहिल्यांदा दुप्पट-तिप्पट वेळ लागेल, तो तारखेतच धरा. नाहीतर शेवटच्या दिवशी तुम्हीच काम ओढून घ्याल आणि ‘बघा, मलाच करावं लागतं’ हे पुन्हा सिद्ध होईल.

काम आणखी एका वाटेने परत येतं. कोणीतरी दारात येऊन म्हणतं, ‘इथे अडलंय.’ तुम्ही म्हणता, ‘ठेव, बघते.’ झालं, काम तुमच्या टेबलावर. त्याऐवजी ‘दोन पर्याय घेऊन ये, चारला बोलू’ म्हणा. चुका सापडल्या तर खुणा करून परत द्या, स्वतः दुरुस्त करू नका. आणि ‘मी वेगळ्या पद्धतीने केलं असतं’ ही चूक धरायची नाही.

निर्णय, आणि ‘मला माहीत नाही’

निर्णय मागे फिरवता येतो का, एवढं आधी विचारा. येत असेल तर एक दिवसाची मुदत घाला आणि संपवा. येत नसेल तर मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची एक पद्धत अर्ध्या तासात होते. सगळ्यांनी कल्पना करायची की सहा महिने झालेत आणि हा प्रोजेक्ट पुरता फसलाय. पाच मिनिटं प्रत्येकाने शांतपणे कारणं लिहायची, मग एकेकाने वाचायची. टीम लीडने सगळ्यांत शेवटी. एरवी शंका काढणारा नकारघंटा वाजवणारा ठरतो. इथे शंका काढणं हेच काम असल्यामुळे लोक मोकळे होतात.

प्रत्येक मोठ्या निर्णयाची चार ओळींची नोंद ठेवा: काय ठरवलं, कशाच्या आधारावर, काय दिसलं तर बदलू, पुन्हा कधी पाहू. निकाल वाईट लागला तर ही नोंद वाचा. त्या दिवशीच्या माहितीवर निर्णय योग्यच होता, असंही दिसू शकतं. नोंद नसेल तर सगळा दोष आपल्या धाडसाला लागतो आणि पुढच्या वेळी हात आखडतो.

माहीत नसेल तर ‘हे मला आत्ता माहीत नाही, उद्या बारापर्यंत सांगतो’ म्हणा आणि बाराच्या आत सांगा. उत्तर नसेल तर उत्तर नाही हे तरी सांगा. विश्वासाला धक्का लागतो तो ‘माहीत नाही’ने नव्हे, त्यानंतर विसरून जाण्याने. चूक झाली असेल तर टीमसमोर तीन वाक्यं पुरतात: काय चुकलं, कोणाला त्रास झाला, आता काय करतोय. याहून लांब पश्चात्ताप केला तर टीमला तुमचीच समजूत काढत बसावं लागतं.

वरिष्ठांना नाही म्हणताना नुसतं ‘नाही’ नको, अदलाबदल मांडा: ‘हे शुक्रवारपर्यंत हवं असेल तर ते दुसरं काम आठवडाभर पुढे जाईल. कोणतं आधी करू?’

टीमची भीती

तुम्ही आता दुसऱ्यांच्या भीतीचं कारण आहात, हे नव्या टीम लीडच्या लक्षात उशिरा येतं. संशोधक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीममध्ये चुकांच्या नोंदी जास्त दिसल्या. त्या टीम जास्त चुकत होत्या असं नाही, त्या चुका बोलून दाखवत होत्या. तुमच्यासाठी सोपी तपासणी अशी: गेल्या महिन्यात वाईट बातमी घेऊन कोण आलं, आणि किती आधी आलं? कोणीच आलं नसेल तर बातम्या कुठेतरी अडून बसल्यात.

कोणी आलंच तर तुमचे पहिले दहा सेकंद सगळी टीम पाहत असते. ‘लवकर सांगितलंस ते बरं झालं. आता काय करता येईल?’ एवढंच बोला. कारणमीमांसा आग विझल्यावर.

भीती खरी असते तेव्हा

शिडीवरची प्रत्येक गोष्ट रेटायचीच असं नाही. भीती तयारी मागतेय की पळवाट, हे ओळखायला एक खूण आहे. माहिती मिळाल्यावर भीती उतरली तर ती तयारीची गरज होती. माहिती मिळाल्यावर आणखी माहिती हवीशी वाटली, तर ती पळवाट. बेकायदा किंवा कोणाच्या सुरक्षिततेला धोका होईल असं काही करायला सांगितलं गेलं आणि पोटात गोळा आला, तर तो गोळा बरोबर आहे, तिथे सराव करायचा नाही. आणि वहीतले अंदाज पुन्हा पुन्हा खरे ठरत असतील, म्हणजे खरं बोलल्याची शिक्षा दर वेळी मिळत असेल, तर दोष तुमच्यात नसून जागेत असू शकतो. वरच्या कोणाशी तरी बोलणं किंवा जागा बदलणं हे अशा वेळी पळून जाणं नव्हे.

गाडी अडली तर

दोन आठवडे एकाच पायरीवर असाल तर पायरी फार उंच आहे किंवा कुबडी राहिली आहे. मोठ्या सुट्टीनंतर, नवा वरिष्ठ आल्यावर किंवा एखादा प्रसंग वाईट गेल्यावर जुनी भीती परत येते. दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा चढायला घ्या, दुसऱ्या वेळी वेळ कमी लागतो.

मात्र झोप आठवडेच्या आठवडे उडालेली असेल, मीटिंगच्या विचाराने श्वास कोंडून घाम फुटत असेल, ऑफिसबाहेरही लोकांना टाळणं सुरू झालं असेल किंवा धीर यायला दारू लागत असेल, तर एकट्याने शिडी चढू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा समुपदेशकांकडे जा आणि विचार-वर्तन उपचार पद्धतीबद्दल विचारा. शिडी आणि अंदाज-निकालाच्या नोंदी त्याच पद्धतीतून आलेल्या आहेत. जाताना वही सोबत घ्या. पहिल्या भेटीत ‘नेमकं काय होतं?’ हा प्रश्न येतोच, आणि त्याचं तारीखवार उत्तर तुमच्याकडे लिहिलेलं असेल.